बारीक भोकांची जाळी

भादव्यातलं ऊन आमच्या खिडकीतून तिरपं आत येतं आणि बरोबर माशांच्या टाकीवर पडतं. वर्षातले एवढेच दिवस. आषाढ-श्रावणात ऊन मुळात नसतंच, आणि दिवाळीच्या पुढे ते सरकून कपाटावर जाऊन बसतं. काल त्या उन्हात दिसलं, आमची मोठी गप्पी पोटुशी आहे. पोट चांगलं टम्म झालंय, शेपटीच्या अलीकडचा काळा डाग पसरलाय, आणि ती कोपऱ्यातल्या वेलीशी एकटीच थांबून असते. ज्यांनी गप्पी पाळलेले नाहीत त्यांना सांगते, हे मासे अंडी घालत नाहीत. थेट पिल्लंच देतात. आणि दिल्या दिल्या मागे वळून ती खातात. पिल्लं जगवायची असतील तर त्यांना आईपासून लगोलग वेगळं काढावं लागतं, म्हणजे बारीक भोकांची जाळी लागते. गेलं वर्षभर आम्ही जाळीशिवाय काढलं. आता ती आणायलाच हवी.

"चहाची गाळणी आहे की," आमचे हे म्हणाले.

ती गाळणी आमच्या संसारात बदनाम आहे. टाकी घरात आली तेव्हा यांनी पहिल्याच दिवशी तिच्यात मासे पकडले, धुऊन परत जागेवर लावली आणि संध्याकाळी पाहुण्यांना त्याच गाळणीतून चहा दिला. मला हे कळलं तेव्हा पाहुणे दुसरा कप मागत होते. ही टाकीसुद्धा यांचंच कर्तृत्व. हे भातसानगरला धरणावर कामाला. तिथल्या वसाहतीतल्या एका साहेबांची बदली झाली, आणि त्यांनी सामान बांधताना ही काचेची पेटी यांच्या हाती दिली. हे ती मांडीवर घेऊन रिक्षातून सापगावला आले. मी म्हटलं, "धरण तिथंच ठेवून आलात ना? की तेही आणलंय?"

जाळीचं दिसतं तेवढं सोपं नसतं, हे मला आता कळलंय. मोठ्या भोकांची घेतली तर पिल्लू आरपार निघून जातं, नाहीतर त्याचा पर अडकून फाटतो. फारच बारीक विणीची घेतली तर पाणी तिच्यातून पटकन निघत नाही. जाळी जड होते, हात हळू चालतो, आणि मासा पुढच्या पुढे सटकतो. कडक धाग्याची अंगाला ओरखडे काढते. उथळ असली तर मासा उडी मारून फरशीवर. म्हणजे बारीक हवी पण अति नको, मऊ हवी, खोल हवी. ब्लाउजचं कापड घ्यायला आलेल्या बायका इतक्या अटी घालतात तेव्हा मी कपाळाला हात लावते. मी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे अटी ऐकायची मला सवय आहे.

पण जाळी म्हटलं की मला दुकानातली जाळी आठवत नाही. मला गेल्या वर्षीचा भादवा आठवतो, आणि बाबा.

माझं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. भादव्यात तिथे काय असतं ते लिहून सांगता येणार नाही, तरी थोडं सांगते. डोंगर हिरव्याचा काळपट होतो. बांधावर तेरडा फुलतो, कुर्डूचे तुरे वर येतात. भात निसवायला लागतं, म्हणजे कणसं पोटातून बाहेर डोकावतात, आणि सकाळी खाचराच्या कडेनं चाललं की ओल्या दुधाचा म्हणावा असा एक वास येतो. दुपारी एकदम चटका लावणारं ऊन आणि लगेच एक सर. लहानपणी या दिवसांत आई आणि काकू ओहोळात उतरायच्या. जुन्या लुगड्याची दोन टोकं दोघींनी धरायची, ते पाण्यात आडवं सोडायचं आणि उचलायचं. लुगडं विरलेलंच लागायचं, नवं कापड पाणी सोडत नाही. त्यात बोटभर मासे उसळायचे. आई त्यातले अगदी बारके निवडून पाण्यात परत टाकायची. काकू ओरडायची, "अगो, आमटीत जातील ते!" आई म्हणायची, "फुडल्या सालच्या आमटीत जातील."

ती आई गेल्या वर्षी वैशाखात गेली. आजारपण थोडंच झालं, आम्हाला जवळ बसायला मिळालं, एवढं समाधान.

बाबा लावणी उरकेपर्यंत हलले नाहीत. मग शेत पुतण्याकडे सोपवून श्रावणात माझ्याकडे आले. आले म्हणजे आम्ही आणले. गुडघे धरलेले, डोळ्यांना कमी दिसायला लागलेलं, घरात चूल पेटवणारं कोणी नाही. ते एक कापडी पिशवी घेऊन आले आणि ती दारामागच्या खुंटीला अडकवली. मी म्हटलं, "द्या, कपडे कपाटात ठेवते." म्हणाले, "ऱ्हाऊ दे गो बाय. नारळी पुनव झाली का मी जातो."

नारळी पौर्णिमा झाली. "गौरी-गणपती झालं का जातो." रोज आंघोळीनंतर ते पिशवीतून एक सदरा काढायचे आणि कालचा वाळलेला घडी करून परत पिशवीत घालायचे. पिशवीची गाठ मारलेली. माझ्याच घरात माझा बाप एसटीची वाट बघत असल्यासारखा राहत होता, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं. यांनाही वाटायचं. हे कामावरून आले की मुद्दाम त्यांच्यापाशी बसून विचारायचे, "बाबा, आज भात कुठवर आलं असेल?" बाबा खिडकीबाहेर बघून सांगायचे, "निसवलं असंल." तेवढंच बोलणं व्हायचं.

त्यांना बोलतं केलं ते माशांनी. एका दुपारी मी शिलाईवर होते आणि बाबा टाकीसमोर स्टूल ओढून बसलेले. एकदम ओरडले, "अगो बाय! ही काय करते बघ! सोताची पोरं खाते!"

मी जाऊन पाहिलं. एका गप्पीनं नुकतीच पिल्लं दिली होती आणि ती त्यांच्या मागे लागली होती. मी म्हटलं, "असंच असतं त्यांच्यात."

"असंच कसं? हिला कोन बघणारं नाय का?"

त्या दिवसापासून बाबांना काम मिळालं. माशांना खाणं कधी, किती, पाणी कधी बदलायचं, सगळं त्यांनी आपल्याकडे घेतलं. कोणती गप्पी पोटुशी आहे ते मान तिरकी करून, डोळे बारीक करून बघायचे. त्यांना नीट दिसायचं नाही, पण गाभण गाय ओळखणारी नजर ती. दुसरी एक गप्पी भरत आली तेव्हा म्हणाले, "हिला येगळी झोळी पायजे. पाण्यातच ऱ्हाईल, पण कोन तिच्याकडं जाणार नाय. याली का तिला काढून घ्यायची, पोरं झोळीत ऱ्हातील."

आमचे हे म्हणाले, "दुकानात मिळते तसली जाळी. आणतो."

"दुकान कशाला?" बाबा म्हणाले, आणि उठून दारामागे गेले. त्यांनी पिशवीची गाठ सोडली. सगळ्यात तळाशी एक निळी मच्छरदाणी होती, नीट चौकोनी घडी केलेली. आई-बाबांच्या अंथरुणावरची. आई गेल्यावर त्यांनी ती सोबत आणली होती, आणि आणल्यापासून एकदाही लावली नव्हती. त्यांनी माझी कात्री मागितली. मी विचारलं, "आईची आहे ना? कापायची?" म्हणाले, "कोपरा कापतो. तिला आवडंल."

मी मशीनवर शिवून देते म्हटलं तर ऐकेनात. बांबूची एक कामटी आणून तासली, वाकवून कडं केलं, आणि मच्छरदाणीचा कोपरा दुहेरी करून त्याला सुई-दोऱ्यानं शिवला. सुईत दोरा तेवढा मी ओवून दिला. दोन दिवस ते हे करत होते आणि गुणगुणत होते. बाबा गुणगुणतात हे मी विसरलेच होते. झोळी टाकीत काचेच्या काठाला टांगली, तिच्यात ती भरलेली गप्पी सोडली, आणि यांनी तिचं बारसं केलं, "बाळंतिणीची खोली." बाबा हसले. मला मात्र झोळीपेक्षा खुंटीकडे बघायचं होतं. पिशवीची गाठ सुटलेली होती, आणि त्यांनी ती परत मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला उठले तर बाबा टाकीसमोर उभे होते. मासे पाण्यावर आले होते. काही एका कुशीवर गरगर फिरत होते, बाकीचे निपचित. झोळीत गप्पी मेलेली, आणि तिच्या आसपास झाडलेल्या जिऱ्यासारखी तिची पिल्लं. व्याली होती बिचारी. आम्ही पाणी बदललं, बाहेरून बादल्या आणल्या, हवेचा पंप मोठा केला. दुपारपर्यंत एकही राहिला नाही.

बाबांनी सगळे मासे हातानं उचलले. मी गाळणी पुढे केली तर त्यांनी ती बाजूला सारली. परसात तगरीच्या मुळाशी खड्डा करून पुरले. मग हात धुऊन आत आले आणि पिशवी भरायला लागले. कापलेली मच्छरदाणी तशीच गोळा करून खाली कोंबली, वर कपडे.

"बाबा, काय करताय?"

"पितर येतील आता. घर उघडं पायजे."

"पितरांना वेळ आहे अजून."

"माझ्या हाताला यश नाय गो," ते म्हणाले. "तकडं निदान कुनाचं नुकसान तरी व्हनार नाय."

मला रडू आलं. यांनी मला खूण केली, आता बोलू नकोस. पण न बोलून काय होणार होतं? ते असे गेले असते तर परत आले नसते, एवढं मला माझ्या बापाबद्दल कळतं. तिथल्या बंद घरात, आईच्या जागेकडे बघत, आपण मासे मारले एवढंच घेऊन ते बसले असते.

तेवढ्यात वैशाली आली. वैशाली आमच्या भागातली आशाताई. पावसाळा सरताना घरोघरची पिंपं, हौद तपासत फिरते, डासांच्या अळ्या झाल्यात का बघते. आमच्या टाकीतले गप्पीसुद्धा तिनेच आरोग्य केंद्राच्या हौदातून आणून दिलेले. अळ्या खातात म्हणून ते लोक डबक्यांत सोडतात, त्यातलेच. परसातल्या पिंपात वाकून बघताना तिला दोरीवर वाळत घातलेली झोळी दिसली. तिनं ती हातात घेतली, दोन बोटांत चोळली.

"ताई, ही जाळी कुठली?"

मी सांगितलं. तिनं आत डोकावून रिकामी टाकी बघितली.

"अहो, ही औषधाची मच्छरदाणी आहे. पाड्यापाड्यांवर वाटलेली. हिच्या धाग्यातच औषध असतं. डास बसला की मरतो. माणसाला काही होत नाही, पण पाण्यात गेली की मासे खलास. वाटताना आमच्या बाया घसा फोडून सांगतात, नदीत धुवायची नाही, तळ्यात धुवायची नाही."

बाबा आतून ऐकत होते. पिशवी हातात घेऊन दारात आले. मला वाटलं, संपलं. ज्या गोष्टीची शंका होती तिला आता शिक्का मिळाला. मी वैशालीला डोळ्यांनी दटावलं, पण ती आपली भोळी, बोलून मोकळी झालेली.

बाबा पायरीवर बसले. मग वैशालीला म्हणाले, "नदीत धुवायची नाय, असं सांगतात?"

"हो बाबा."

"कोनाला सांगतात?"

"बायकांची बैठक घेतात ना, तेव्हा."

"हां," बाबा म्हणाले, आणि एकदम त्यांचे डोळे भरले. "मंग बरोबर. बैठकीला ती गेलेली. मी व्हतो शेतावर."

आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि ते सांगताना मलाही ते सगळं समोर दिसायला लागलं, कारण मी गौरीला माहेरी गेले असताना ते पाहिलेलं आणि हसण्यावारी नेलेलं होतं. गावातल्या बाया गोधड्या, चादरी, मच्छरदाण्या घेऊन नदीवर जायच्या. आई बाकीचं सगळं नदीवर न्यायची, मच्छरदाणी मात्र नाही. ती अंगणात घमेल्यात बुडवायची, चोळायची नाही, पिळायची नाही, पडवीत सावलीला वाळवायची. तेही वर्षातून एखाद्या वेळी. आणि ते घमेल्यातलं पाणी ओहोळाकडे न ओतता उलट दिशेला, चढावर नेऊन खड्ड्यात ओतायची, वर माती लोटायची. बाबा उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत म्हणायचे, "नदी आटली का गो? तिला घरात न्हाणं घालतेस?" आई म्हणायची, "ताईनं सांगतलंय. नदीत मासं मरतात." त्यावर बाबा खदखदून हसायचे. "मच्छरदाणीनं मासं मरतात! वाघ पाळलाय तू, वाघ." मग आळीतले सगळे पुरुष आईला विचारायचे, "काय वयनी, वाघाला न्हाणं घातलं का?" आई कुणाला उत्तर द्यायची नाही. घमेलं उचलून चढ चढायची.

"मी हसायचो गो बाय," बाबा म्हणाले. "सगळी आळी हसायची. आन् वाघच व्हता तो."

वैशालीनं हळूच म्हटलं, "बाबा, एवढी वर्षं झाली तरी औषध शाबूत राहिलंय. आईंनी फारच जपलेली दिसते."

"म्हंजे अजून चालती ती? मच्छराला?"

"मासे मेले म्हणजे चालतेच."

बाबांनी पिशवी मांडीवर घेतली. गाठ सोडली. वरचे कपडे काढून पायरीवर ठेवले, अगदी तळापर्यंत हात घालून मच्छरदाणी बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "एवढं भोक बुजवून दे गो. आज लावूया."

अस्तराच्या मलमलीतून उरलेला तुकडा होता, तो मी त्या कापलेल्या कोपऱ्याला जोडला. यांनी बाबांच्या खाटेभोवती भिंतीत चार खिळे ठोकले. एक वाकडा गेला, भिंतीचा पोपडा निघाला, एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. संध्याकाळी बाबा त्या निळ्या मच्छरदाणीत जाऊन बसले. आतून त्यांचा आवाज आला, "वास बी तोच हाय." त्यांचे कपडे पायरीवर राहिले होते, ते मी उचलून कपाटात ठेवले. कोणी अडवलं नाही.

पितरांना ते गेले. सकाळच्या एसटीनं किन्हवलीवरून मुरबाडला, तिथून गावी. घर उघडलं, आईला पान वाढलं, पुतण्याला भातावरून चार शब्द सुनावले. मला धाकधूक होती. पण त्यांनी पिशवी नेली नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला हजर. म्हणाले, "निसवलंय. चांगलं निसवलंय."

टाकी आम्ही कितीदा धुतली देवाला ठाऊक. खालची वाळू फेकून दिली, काच उन्हात ठेवली, पाणी सोडायचं आणि काढायचं. धुतलेलं सगळं पाणी बाबांनी बादलीतून परसाच्या वरच्या अंगाला नेऊन खड्ड्यात ओतलं. भातसा नदी आमच्यापासून लांब नाही, आणि उतार तिकडेच आहे. गुडघे दुखत असताना ते चढावर बादली नेत होते आणि मला ती बादली त्यांच्या हातून घेववेना. थंडीत वैशालीनं नवे गप्पी आणून दिले.

माणूस गेल्यावर त्याचं काय राहतं याचा मी पुष्कळ विचार केलाय. साड्या वाटून टाकतो, भांडी वापरात येतात, फोटोकडे रोज बघून तो दिसेनासा होतो. आईचं आमच्याकडे जे राहिलं ते असं अचानक, पुरावा घेऊन समोर आलं, आणि त्यासाठी बिचाऱ्या माशांचा जीव गेला याची मला अजून हळहळ वाटते. पण तिच्या मच्छरदाणीनं नदीत कधी एक मासा मेला नाही, आणि तो न मेल्याचं श्रेय तिला कोणी दिलं नव्हतं. मेलेला मासा दिसतो. न मेलेला कोणाला दिसणार?

तर आज बाबांना घेऊन शहापूरच्या बाजारात गेले. माशांच्या दुकानात जाळ्या टांगलेल्या होत्या, लहान, मोठ्या, पांढऱ्या, हिरव्या. दुकानातल्या मुलीनं पटापट काढून समोर ठेवल्या. मी माझ्या अटी सांगितल्या. बाबांनी चष्मा वर केला आणि एकेक जाळी हाताच्या पाठीवरून फिरवून बघितली, जिथली कातडी पातळ झालीय तिथून. दोन बाजूला सारल्या. एक पांढरी उजेडात धरून म्हणाले, "हिच्यातनं पाणी निघायचं नाय." शेवटी एक हिरवी, मऊ, खोलगट हातात राहिली.

"ही द्या," मी म्हटलं.

"थांब गो." बाबा त्या मुलीकडे वळले. "बाय, ही जाळी नदीत धुतली तर चालंल ना?"

मुलगी हसली. "आजोबा, माशांचीच जाळी आहे. पाण्यातच तर राहणार."

"त्ये झालं," बाबा गंभीरपणे म्हणाले. "पन इचारावं लागतं."

तिथे त्या बुडबुडणाऱ्या टाक्यांमध्ये, माझ्या वडिलांच्या तोंडून, माझी आई बोलली. मुलीनं पुन्हा एकदा नीट सांगितलं, चालेल, काही होत नाही. मग बाबांचं समाधान झालं. त्यांनी जाळी आपल्या पिशवीत ठेवली, मेथीच्या जुडीवर, दांडा वर करून. तीच ती कापडी पिशवी. वर्षभर आम्ही तिच्यातून भाजी आणतोय.